सड्यावरची कातळशिल्पे: चित्र वाचवायचे की सडा?

कातळवाट

राजापूर तालुक्यातील आमच्या वाडीच्या वर जो सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार, आहे, तेथे एक मासा आणि त्याच्या शेजारी दोन पावले कोरलेली आहेत. आजोबांच्या मागोमाग गुरे घेऊन सड्यावर जाण्याच्या वयापासून मी ती पाहत आलो आहे. त्यांना कातळशिल्प म्हणतात हे आम्हांला फार उशिरा कळले. घरात त्यांना ‘पांडवांची चित्रे’ म्हणत, आणि त्यांच्यावर पाय ठेवायचा नाही एवढाच नियम होता. मासा साधारण माझ्या उंचीएवढा, म्हणजे साडेपाच फुटांचा आहे. त्याचा चर दोन बोटे रुंद आणि अंगठ्याच्या पेराएवढा खोल आहे. पावसाळ्यात सगळा कातळ काळा पडतो तेव्हा चरात साठलेल्या पाण्यात आभाळ दिसते आणि तेवढा मासा चकाकत राहतो. तो पाहायला आम्ही मुले डोक्यावर इरले घेऊन भर पावसात वर जात असू.

यंदा मे महिन्यात गेलो तेव्हा माशाची शेपटी नव्हती. शेजारच्या चिरेखाणीची, म्हणजे घरबांधणीचे जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणीची, कड सरकत सरकत तेथवर आली होती आणि शेपटीचा हातभर भाग तिने खाल्ला होता. कोणी मुद्दाम केले असे मला म्हणायचे नाही. ज्याने यंत्र चालवले त्याला त्या वाळलेल्या गवताखाली काही आहे हे दिसलेही नसेल. पण त्या दिवसापासून एक विचार डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत अशा सड्यांवर हजाराहून अधिक कोरीव आकृती आढळल्या आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगावच्या गुराख्यांना आणि वृद्धांना विचारत, सडे पायी तुडवत त्यांतल्या मोठ्या भागाची नोंद केली. सिंधुदुर्गात सतीश लळीत यांनी हिवाळे आणि कुडोपी येथील शिल्पे उजेडात आणली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नऊ ठिकाणे गेली. उक्षी, जांभरुण, काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात रत्नागिरी जिल्ह्यातील, कुडोपी हे सिंधुदुर्गातील आणि फणसामळ हे गोव्यातील.

काशेळीचा हत्ती मी दोनदा पाहिला आहे. तो सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृती आहेत. जमिनीवर उभे राहून तो हत्ती एका नजरेत मावतच नाही. पहिल्यांदा मी त्याच्या पाठीच्या रेषेवर उभा राहून ‘हत्ती कुठे आहे?’ असे सोबतच्या माणसाला विचारले होते. त्याने मला हाताला धरून सोंडेपासून शेपटीपर्यंत कडेकडेने चालवले, तेव्हा कोठे तो माझ्या डोक्यात उभा राहिला. कोरणाऱ्याने तरी तो पुरा केव्हा पाहिला असेल? शिडी नाही, जवळ टेकडी नाही. चालत जाऊनच त्याने तो मनात मांडला असणार, आणि आपल्यालाही तो तसाच, चालूनच पाहता येतो.

माझे म्हणणे येथून सुरू होते. आपण कातळशिल्प वाचवायचे म्हणतो तेव्हा त्या आकृतीभोवती कुंपण घालण्याचा विचार करतो. परंतु ही शिल्पे देवळातील मूर्तीसारखी उचलून वेगळी ठेवता येणारी वस्तू नाहीत. सडा हाच त्यांचा कागद आहे, त्यावरचे पाणी, गवत, गुरांच्या वाटा आणि मोकळे आभाळ हा त्यांचा भाग आहे. चारही बाजूंनी खाण खोदून मधोमध वीस फुटांचा चौथरा राखला आणि त्यावर मासा शाबूत ठेवला, तर वाचले असे म्हणायचे का? मला तसे म्हणवत नाही. जाणकारांची, विशेषतः कोकणात राहणाऱ्यांची मते वाचायला आवडतील.

भूपृष्ठ

विषय मांडल्याबद्दल आभार. सड्याला आपण कागद म्हणालात, त्या कागदाविषयी थोडे लिहितो, कारण जांभा समजल्याशिवाय ही शिल्पे का टिकली आणि का तुटतात हे कळत नाही.

कोकणातील जांभा हा मुळात बहुतांशी बेसाल्टचाच, म्हणजे काळ्या दगडाचा, लाखो वर्षांच्या ऊन-पावसात झालेला अवशेष आहे. उष्ण हवा आणि जोरदार मोसमी पाऊस यांमुळे खडकातील सिलिका, चुना, मॅग्नेशियम असे विरघळणारे घटक वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात. तांबडा रंग त्या लोहाचा आहे. फ्रान्सिस बुकानन या ब्रिटिश अभ्यासकाने केरळमधील अंगाडिपुरम येथे हा दगड पाहून १८०७ मध्ये त्याला लॅटराइट हे नाव दिले. लॅटिन भाषेत त्याचा संबंध विटेशी आहे आणि ते नाव चपखल आहे, कारण ओला असताना हा दगड विटेसारखा कापता येतो आणि हवा लागली की कठीण होत जातो. आपली जांभ्याची घरे याच गुणावर उभी आहेत.

सड्याचा सर्वांत वरचा थर मात्र आधीच हवेत तापून, भिजून, पुन्हा तापून लोहाने घट्ट बांधला गेलेला असतो. शिल्पे या कवचात आहेत. त्यात दोन बोटांचा चर पाडायला जांभ्याहून कठीण दगडाचे हत्यार आणि भरपूर चिकाटी लागली असणार. हेच कवच चर झिजू देत नाही. दुर्दैवाने चिरेखाणीच्या दृष्टीने ते निरुपयोगी आहे. वेडेवाकडे आणि कडक असल्याने त्याचे सरळ चिरे निघत नाहीत, म्हणून खाण सुरू करताना तेच पहिल्यांदा उपटून कडेला टाकतात. ज्या थरावर चित्र आहे तोच नेमका कचरा ठरतो. आपल्या माशाची शेपटी कोणाच्या जोत्यात किंवा भिंतीत गेली नसावी. ती खाणीच्या कडेला टाकलेल्या ढिगात असण्याची शक्यता अधिक आहे.

रानफूल

वरील प्रतिसादाला जोडून सड्याच्या दुसऱ्या अंगाबद्दल लिहिते. मी वनस्पतींची अभ्यासक आहे आणि कातळशिल्पांपर्यंत फुलांच्या वाटेने पोहोचले.

उन्हाळ्यात सडा पाहणाऱ्याला तो ओसाड वाटतो. पहिला पाऊस पडून थोडे दिवस गेले की खडकाच्या फटींतून दीपकाडीची पांढरी फुले वर येतात. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर वाढणारी दीपकाडी ही या प्रदेशाबाहेर न आढळणारी वनस्पती आहे. श्रावण-भाद्रपदात पाणी धरून राहणाऱ्या उथळ जागी सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा होतो. ही कीटकभक्षी वनस्पती आहे. जेथे मातीत नत्र जवळजवळ नसते तेथे ती पाण्यातील सूक्ष्म जीव धरून आपली गरज भागवते. गेंदाची पांढरी बोंडे आणि कवल्याची पिवळी फुले तिच्या सोबतीला असतात. दोन-तीन इंच मातीवर आणि चार महिन्यांच्या पाण्यावर हे सगळे चालते. ती माती एकदा खरवडली गेली की आपल्या आयुष्यात परत येत नाही.

एक निरीक्षण नोंदवते. मी पाहिलेल्या दोन ठिकाणी शिल्पाच्या चरात साठलेल्या मातीत सीतेची आसवे उगवली होती, आणि त्यामुळे चित्राची बाह्यरेषा निळ्या फुलांनी काढल्यासारखी दिसत होती. ते पाहिल्यापासून मी शिल्प आणि सडा वेगळे मोजू शकत नाही. शिवाय सच्छिद्र जांभ्यातून जे पाणी मुरते तेच उतारावर झऱ्यांतून बाहेर पडते आणि वाडीच्या पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, पुढे कित्येक महिने पुरते. सडा कापला की खालच्या विहिरी लवकर तळ गाठतात, हे कोकणातील कोणत्याही बाईला विचारा.

दर्यावर्दी

लेख वाचून फार आनंद झाला. ही शिल्पे वीस हजार वर्षांपूर्वीची आहेत असे मी एका चलचित्रात ऐकले. तसे असेल तर ती जगातील अतिप्राचीन कलेत मोडतात आणि त्यांचा इतिहास शाळेच्या पुस्तकात पहिल्या पानावर यायला हवा. आम्ही मच्छीमार समाजाचे आहोत. सड्यांवर मुशी (शार्क) आणि पाकट (चपटा, लांब शेपटीचा मासा) स्पष्ट ओळखू येतील अशी कोरली आहेत हे पाहून ऊर भरून येतो. पाकटाची शेपटी कोठून निघते आणि कशी वळते हे ज्याने जाळ्यातून मासा सोडवला आहे त्यालाच माहीत असते. कोरणाऱ्या माणसाचा समुद्राशी रोजचा संबंध होता, यात मला शंका वाटत नाही.

जुनीमाती

दर्यावर्दी, पाकटाविषयीचे आपले निरीक्षण मोलाचे आहे आणि अशी निरीक्षणे संशोधकांपर्यंत पोहोचायला हवीत. काळाविषयी मात्र थोडे सावध राहावे असे सुचवतो, कारण या विषयावरील उत्साहात सर्वांत जास्त गफलत तेथेच होते.

कोरीव कामाचे वय थेट मोजणे अवघड असते. गुहेतील रंगचित्रांत कोळसा किंवा इतर सेंद्रिय द्रव्य मिळाले तर कार्बन कालमापन करता येते, पण येथे दगड काढून टाकलेला आहे, दगडावर काही चढवलेले नाही. म्हणून वाट आडवळणाची आहे. आसपास सापडणारी दगडी हत्यारे पाहायची, कोरलेले प्राणी आज तेथे आहेत की नाहीत ते पाहायचे, शेती, नांगर, चाक अशा गोष्टी चित्रांत येतात का ते पाहायचे. चरात किंवा शिल्पावर साठलेल्या गाळावर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला हे प्रकाशदीप्ती पद्धतीने काढता येते, आणि त्यावरून शिल्प निदान तेवढे तरी जुने आहे असे म्हणता येते. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे संचालक असताना तेजस गर्गे यांनी शेतीची चित्रे नाहीत आणि शिकारी जीवनाशी संबंधित प्राणी आहेत, या आधारावर ही शिल्पे इसवी सनापूर्वी दहा हजार वर्षांच्या आसपासची असावीत असा अंदाज मांडला होता. तो अंदाज म्हणूनच घ्यावा.

गेंड्याचे उदाहरण घेऊ. सड्यांवर एकशिंगी गेंडा कोरलेला आहे, आणि आज गेंडा आसाम, उत्तर बंगाल आणि तराईच्या पट्ट्यात आहे, म्हणून शिल्पे अतिप्राचीन, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. पण गुजरातमधील लांघणज येथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या उत्खननात मध्याश्मयुगीन थरात गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले आहे. त्याहून पुढे, आपल्याच महाराष्ट्रात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये चार ओतीव शिल्पे सापडली. त्यांत रथ, रेडा आणि हत्ती यांच्यासोबत एक गेंडा आहे, आणि ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानली जातात. म्हणजे गेंडा कसा दिसतो हे या भूमीतील लोकांना ताम्रपाषाण काळापर्यंत माहीत होते. केवळ गेंड्यावरून एवढे प्राचीनत्व सिद्ध होत नाही. पाणघोड्याचे तसे नाही. त्याचे जीवाश्म नर्मदेच्या खोऱ्यात मिळतात आणि तो भारतातून फार पूर्वी नाहीसा झाला. त्यामुळे एखादी आकृती खरोखर पाणघोडाच आहे हे पटले, तर तो पुरावा गेंड्यापेक्षा कितीतरी वजनदार ठरेल. मात्र रेषांत कोरलेला पाणघोडा आणि रेषांत कोरलेले रानडुक्कर यांत फरक करणे सोपे नाही.

बारसू येथे दोन वाघांच्या मध्ये माणूस आहे, आणि मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवरही दोन वाघांना रोखणारा माणूस आहे. हे साम्य पाहून मीही प्रथम थक्क झालो होतो. पण वाघांच्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाला दोन वाघांना एकाच वेळी दूर धरण्याचे स्वप्न पडावे, यासाठी त्याने सिंधूचा काठ पाहिलेला असण्याची गरज नाही.

हे सर्व शिल्पांचे मोल कमी करण्यासाठी लिहिलेले नाही. ती चार हजार वर्षांची निघाली काय आणि बारा हजार वर्षांची निघाली काय, ज्या कोकणाचा लिखित इतिहास दोन-अडीच हजार वर्षांमागे जात नाही, त्या कोकणाचा तो सर्वांत जुना दस्तऐवज आहे.

दर्यावर्दी

जुनीमाती, मन:पूर्वक आभार. वीस हजाराचा आकडा मी यापुढे सांगणार नाही. एक प्रश्न मात्र पडतो. हिमयुगात समुद्र बराच खाली होता असे वाचले आहे. मग पाकट कोरणाऱ्यांचा किनारा कोठे होता?

भूपृष्ठ

चांगला प्रश्न आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी जगभरातील समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती आणि कोकणासमोरील समुद्रतळ उथळ असल्याने किनारा आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला होता. नंतर पाणी चढत चढत सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ आले. त्यामुळे सड्यांवर समुद्री मासे इतक्या आत्मविश्वासाने कोरलेले असणे, ही गोष्ट काळ ठरवताना विचारात घ्यावी लागेल. किनारा लांब असताना लोक तेथून मासे ओळखून आले असतील, किंवा समुद्र सड्यांच्या पायथ्याशी आल्यानंतरच्या पिढ्यांनी ही चित्रे काढली असतील. सगळी शिल्पे एकाच काळातील असलीच पाहिजेत असेही नाही.

कुशावतीकाठ

गोव्यातून लिहितो. यादीतील फणसामळाला आम्ही पणसायमळ म्हणतो आणि त्याचे उसगाळीमळ हेही नाव प्रचलित आहे. दक्षिण गोव्यात रिवणजवळ कुशावती नदीच्या अगदी काठावरच्या जांभ्यावर ती शिल्पे आहेत. पुराभिलेख खात्याचे प्र. पा. शिरोडकर यांनी १९९३ मध्ये ती प्रकाशात आणली. तत्पूर्वी गावच्या लोकांना ती ठाऊक होतीच. तेथे वशिंडाचे बैल, हरणे, नाचणारी बाई आणि वर्तुळात वर्तुळे असलेले एक मोठे चक्रव्यूह आहे. त्या चक्रव्यूहाच्या कडेला बसून मी बोटाने वाट शोधण्याचा प्रयत्न केला आहे, आणि दर वेळी मध्यापर्यंत जाण्याआधीच हात थांबला.

आपले सडे कोरडे आणि उंचावर असतात, आमचे शिल्प नदीच्या पातळीवर आहे. पूर आला की त्यावर गाळ बसतो, ओसरला की तो काढावा लागतो. पण गाळाखाली दडल्यामुळेच ते इतकी वर्षे पायाखाली येण्यापासून बचावले. आमच्याकडे संकट चिऱ्याचे नव्हते, लोहखनिजाचे होते. त्या परिसरात खाणी झाल्या आणि नदीच्या पाण्याचा रंगही बदलत गेला. म्हणून मूळ लेखकाचे म्हणणे मला पटते. आकृतीचा चौकोन राखून भागत नाही, आमच्या बाबतीत तर नदीसुद्धा राखावी लागते.

आडवाट

येथे सर्वजण एका सुरात लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते. माझ्या घरच्यांचा चिऱ्याचा व्यवसाय आहे. तीन पिढ्या आम्ही जांभ्यावर जगलो. आमच्या भागात सड्याच्या जमिनीला दुसरे उत्पन्न नाही. भात होत नाही, पाणी नाही, वर्षाकाठी गवताचे थोडे पैसे सुटतात. ज्यांना जमले त्यांनी सुरुंग लावून खड्डे घेतले, बाहेरून माती आणून भरली आणि हापूसची कलमे लावली. त्यातही सडा फुटतोच, पण आंब्याच्या बागेविरुद्ध कोणी लेख लिहिलेला मी पाहिला नाही. मुंबई-पुण्याहून येणाऱ्याला सडा सुंदर दिसतो आणि त्याला जांभ्याचे घरही हवे असते. तो चिरा कोठून येतो?

मला शिल्पे नष्ट व्हावीत असे मुळीच वाटत नाही. आमच्या खाणीच्या हद्दीत एक आकृती आहे आणि माझ्या वडिलांनी ती बाजू आपणहून सोडून दिली. पण सोडलेल्या जागेचे पैसे कोणी दिले नाहीत, आणि उद्या तेथे संरक्षित क्षेत्र झाले तर उरलेली जमीनही अडकेल या भीतीने शेजारच्यांनी आपल्याकडील आकृती कोणाला दाखवलेली नाही. ही भीती दूर झाली नाही तर लोक शिल्पे लपवतील, आणि लपवलेले शिल्प सर्वांत आधी नष्ट होते.

कातळवाट

आडवाट, आपला प्रतिसाद मी तीनदा वाचला. आपल्या वडिलांनी जे केले ते फार थोरपणाचे आहे आणि या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपणच लिहिली आहे असे मला वाटते. आमचीही त्याच सड्यावर तीस कलमे आहेत. माझ्या काकांनी ती सुरुंग लावूनच बसवली आणि माझे शिक्षण त्या आंब्यावर झाले. त्यामुळे दगड फोडणाऱ्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार मला नाही. ‘सडा वाचवा’ म्हणताना एक वीतही फोडू नका असे मला म्हणायचे नाही. आधी सडा चालून पाहा, काय कोठे आहे ते मांडा आणि मग खाण कोठे, कलमे कोठे, मोकळे रान कोठे हे ठरवा, असे म्हणायचे आहे. आज क्रम उलटा आहे. यंत्र आधी येते.

सातबारा

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून कागदाविषयी लिहितो.

सड्याची जमीन सातबाऱ्यावर बहुतेक ठिकाणी वरकस, म्हणजे हलक्या प्रतीची, किंवा पोटखराब म्हणून नोंदलेली असते. पोटखराबातही वर्ग ‘अ’ म्हणजे खडकाळ, लागवडीस अयोग्य आणि वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, ओढा अशा सार्वजनिक कारणासाठी राखलेली. कातळ ‘अ’ मध्ये जातो. या एका शब्दामुळे तेथे काहीच नाही असे समजून पुढचे सर्व निर्णय होतात. इतर हक्काच्या रकान्यात शिल्पाचा उल्लेख नसतो. त्यामुळे चिऱ्यासारख्या गौण खनिजाची परवानगी मागणारा अर्ज येतो तेव्हा कार्यालयातील माणसाला तेथे शिल्प आहे हे कळण्याचा मार्गच नसतो.

दुसरी अडचण मालकीची आहे. कोकणात एका गटावर चाळीस-पन्नास सामायिक खातेदार असणे नेहमीचे आहे, त्यांतले निम्मे चाकरमानी आणि काही हयात नसलेले. विकायचे असो की राखायचे असो, सर्वांच्या सह्या जमवणे हेच काम ठरते.

संरक्षणाचे मार्ग असे आहेत. राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे कायदा आहे, त्याखाली एखादे ठिकाण राज्य संरक्षित होऊ शकते. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण असते. आडवाट यांच्या शेजाऱ्यांची भीती बहुधा त्या नियमाची आहे, परंतु तो केंद्रीय स्मारकांचा नियम आहे. तिसरी वाट मला अधिक उपयोगी वाटते. २००२ च्या जैवविविधता कायद्यातील कलम ३७ प्रमाणे स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून राज्य शासन जैवविविधता वारसा स्थळ घोषित करू शकते. सिंधुदुर्गात हेवाळे-बांबर्डे येथील मायरिस्टिकाच्या, म्हणजे रानजायफळाच्या झाडांच्या, दलदलीला असा दर्जा मिळाला आहे. रानफूल यांनी वर्णन केलेला सडा फुलांच्या आधारे त्या वाटेने जाऊ शकतो, आणि मग शिल्पासोबत आजूबाजूचा कातळही राखला जातो. पण पहिले पाऊल ग्रामसभेचा ठराव आणि गटक्रमांकासह नोंद हेच आहे. उक्षीत ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन हत्तीच्या शिल्पाभोवती दगडी बांध घातला आणि ते नीट पाहता यावे अशी सोय केली. तेथे सुरुवात गावातून झाली, हे महत्त्वाचे आहे.

बल्लारीकर

कर्नाटकात नोकरीनिमित्त राहतो. येथे बल्लारीजवळ कुपगल नावाची टेकडी आहे. ग्रॅनाइटच्या टेकडीतून काळ्या डोलेराइट दगडाची एक नैसर्गिक भिंत गेली आहे, आणि तिच्या सुट्या शिळांवर नवाश्मयुगापासूनच्या लोकांनी ठोकून ठोकून वशिंडाचे बैल काढले आहेत. काही शिळांवर ठोकल्याने वाट्यांसारखे खळगे पडले आहेत, आणि तेथे दगडाने वाजवले की घंटेसारखा नाद उमटतो. मी स्वतः ऐकला आहे. खालच्या बाजूने खडीसाठी दगड काढला जात होता, त्याची धूळ चित्रांपर्यंत येत असे. शिळा एकटी वाचवली आणि टेकडी गेली, तर नाद कोणत्या शांततेत ऐकायचा? मूळ प्रश्न मला येथेही तसाच दिसतो.

देवाचे गोठणे येथे होकायंत्राची सुई फिरते असे वाचले आहे. त्याविषयी भूपृष्ठ यांनी लिहावे.

भूपृष्ठ

तेथील मानवाकृतीजवळ सुई दिशा बदलते, हे अनेकांनी पाहिले आहे. जांभ्यात लोहाची ऑक्साइडे विपुल असतात आणि त्यांतील काही चुंबकीय असतात. उघड्या, उंच खडकावर वीज पडली तर तिच्या प्रवाहाने तेवढा भाग तीव्रतेने चुंबकीय होतो, ही गोष्ट भूभौतिकशास्त्रात परिचित आहे. त्यासाठी गूढ शक्तीची गरज नाही. कोरणाऱ्यांना ते ठाऊक होते असे मानण्यासाठी त्यांच्याकडे होकायंत्र असायला हवे होते. वीज वारंवार पडणारी जागा म्हणून ती त्यांच्या ध्यानात राहिली असेल, तर ते समजण्यासारखे आहे.

तिरीप

जे लोक येत्या हिवाळ्यात सड्यावर जाणार आहेत त्यांना छायाचित्रणाविषयी विनंती करतो. दुपारी बाराच्या उन्हात शिल्प दिसत नाही. सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा पाऊण तास निवडावा, तेव्हा तिरप्या प्रकाशात चराच्या एका कडेला सावली धरते आणि पायाखालचा सपाट वाटणारा कातळ अचानक चित्राने भरून जातो. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू, चुना, रांगोळी किंवा पिठी भरू नये. मी एका ठिकाणी ऑइलपेंट भरलेला पाहिला आहे, तो आता कधीच निघणार नाही. चरातील माती खराट्याने किंवा लोखंडी पात्याने खरवडू नये, कारण जुनीमाती यांनी सांगितल्याप्रमाणे कालमापनाचा पुरावा त्याच मातीत असू शकतो. वर पडलेला पाचोळा हाताने बाजूला करावा. बाजूला मोजपट्टी ठेवून एक छायाचित्र अवश्य घ्यावे, आणि ठिकाणाचा नेमका नकाशा समाजमाध्यमावर टाकण्याआधी गावात विचारावे.

कातळवाट

सर्वांचे प्रतिसाद वाचून गणपतीला गावी गेलो होतो, त्याचा वृत्तांत देतो.

भूपृष्ठ यांनी ढिगाऱ्याविषयी लिहिले होते म्हणून पुतण्याला घेऊन खाणीच्या कडेला गेलो. पाऊस थांबून-थांबून पडत होता. ढीग कमरेइतका उंच आहे आणि त्यावर तेरडा माजला आहे. दगड ओले असल्यामुळे चर शोधायला नजरेपेक्षा हाताचा उपयोग अधिक झाला. दीड तासाने पुतण्याने हाक मारली. त्याच्या हाताखाली कलिंगडाएवढा एक तुकडा होता आणि त्यावरून दोन बोटे रुंद चर गेला होता. मी त्यात अंगठा ठेवला, पेर बरोबर बुडाले. थोड्या वेळाने दुसरा, लहान तुकडा मिळाला, त्यावर दोन चर एकमेकांपासून फाकत जातात. शेपटीचे टोक ते हेच असावे. तुकडे घरी आणण्याचा मोह झाला होता, पण आणले नाहीत. होते तेथेच ठेवून, मोजपट्टी लावून सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली आणि ढिगाच्या त्या बाजूला आणखी दगड टाकू नयेत असे खाणवाल्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि स्वतः येऊन तुकडा पाहिला.

आमच्या गटावर सदतीस नावे आहेत. आरतीनंतर घरात बसून आम्ही त्यांतल्या हयात असलेल्यांची यादी केली, ती बावीस भरली. मुंबईचे दोघे सणाला आले होते, त्यांनी नोंदीच्या अर्जावर सही केली. एका काकांनी, आडवाट यांच्या शेजाऱ्यांप्रमाणेच, जमीन अडकणार का असे विचारले. त्यांना सातबारा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी विचार करायला दिवाळीपर्यंतचा वेळ मागितला आहे. तुळशीच्या लग्नानंतर गवत कापले की तिरीप यांनी सांगितलेल्या वेळी संपूर्ण सडा चालून काय काय आहे ते मांडायचे ठरवले आहे. जुनीमाती आणि रानफूल यांना त्या वेळी येणे शक्य असेल तर आमच्या घरी उतरावे. आडवाट, आपणही आलात तर खाणीची पुढची हद्द कोठे असावी हे आपल्याइतके अचूक आम्हांला कोणी सांगू शकणार नाही.